भाडे एक, माल तिघांचा: सामायिक खर्चाच्या वाटणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शेतकरी गटाची आणि बायकांच्या छोट्या डाळ मिलची वही मी लिहिते. हंगाम लागला की तेच ते प्रश्न येतात. कोणी ओट्यावर बसून विचारतं, कोणी रात्री फोन करून. बहुतेक वेळा गणित अवघड नसतं. शाळेतलं त्रैराशिक आलं की झालं. भांडण होतं ते "कशावर वाटायचं" यावरून. म्हणून इथे गणित थोडं आणि त्याबद्दल जास्त लिहिलं आहे. खत सोडून बाकी दर आणि रकमा हिशेबापुरत्या धरलेल्या आहेत, बाजारभाव म्हणून घेऊ नका.

सामायिक खर्च म्हणजे नेमका कोणता?

जो खर्च एकदाच झाला, पण फायदा दोघा-तिघांना किंवा दोन-तीन मालांना झाला, आणि कोणाचा किती हे पावतीवर लिहिलेलं नाही, तो. गाडीभाडं, गोदामाचं भाडं, मिलचं वीजबिल, राखणदाराचा पगार. बाजार समितीत तुमच्या सोयाबीनची हमाली आणि तोलाई तुमच्याच हिशेबपट्टीत लागते, तर ती सामायिक नाही. आधी असे सरळ नावावर टाकता येणारे खर्च बाजूला काढा. उरेल तेवढंच वाटायला घ्या. पुष्कळ जण सगळंच एका टोपल्यात टाकतात आणि मग वाटत बसतात.

प्रमाणात वाटायचं म्हणजे काय करायचं?

तिघांनी मिळून एक गाडी केली. भाडं ४,५०० रुपये. पहिल्याचं सोयाबीन १८ क्विंटल, दुसऱ्याचं १२, तिसऱ्याचं ७. एकूण ३७ क्विंटल.

पहिल्याचा वाटा: ४,५०० गुणिले १८ भागिले ३७, म्हणजे २,१८९.१९ रुपये.
दुसऱ्याचा: ४,५०० गुणिले १२ भागिले ३७, म्हणजे १,४५९.४६ रुपये.
तिसऱ्याचा: ४,५०० गुणिले ७ भागिले ३७, म्हणजे ८५१.३५ रुपये.

बेरीज करा, बरोबर ४,५०० येते. आधी गुणा, मग भागा. आमच्याकडे आधी भागायची सवय आहे: ४,५०० ला ३७ ने भागलं, १२१.६२ आलं, "चला, १२२ धरा". आता १२२ गुणिले ३७ केलं की ४,५१४ होतात. गाडीवाल्याला ४,५०० दिले आणि वरचे १४ रुपये वहीत कुठून आले, हे मार्चमध्ये कोणालाच आठवत नाही. दर शेवटपर्यंत गोल करायचा नाही. तो लागतो फक्त सांगायला, "क्विंटलमागे एकशे एकवीस-बावीस पडले" असं.

पैसे सोडून पूर्ण रुपये केले की एक रुपया कमी पडतो. तो कोणावर टाकायचा?

वरच्याच उदाहरणात पैसे उडवले तर २,१८९, १,४५९ आणि ८५१, बेरीज ४,४९९. एक रुपया हरवला. रुपया छोटा आहे, पण वहीचा ताळा जुळत नाही.

दोन रीती आहेत. ज्याच्या वाट्यात पैशांचा आकडा सगळ्यात मोठा उडवला गेला, त्याच्यावर रुपया टाकायचा. इथे ४६ पैसे दुसऱ्याचे, म्हणून त्याचे १,४६० होतात. दुसरी रीत मला जास्त आवडते, कारण यादी लांब असली तरी ती आपोआप जुळते: चढती बेरीज गोल करत जायचं. पहिल्यापर्यंत १८ क्विंटल, म्हणजे २,१८९. दुसऱ्यापर्यंत ३० क्विंटल, ३,६४८.६५, गोल केले ३,६४९. त्यातून आधीचे २,१८९ वजा केले, दुसऱ्याचे १,४६०. तिसऱ्यापर्यंत पूर्ण ४,५००, त्यातून ३,६४९ गेले, तिसऱ्याचे ८५१. शेवटच्या ओळीला एकूण रक्कम यायलाच हवी, म्हणून रुपया हरवायला जागाच राहत नाही.

"शेवटच्या नावावर उरलेलं टाका" ही तिसरी रीतही चालते, पण यादीत दरवेळी एकच बाई शेवटी असेल तर वर्षभर तीच रुपया-दोन रुपये भरत राहते. आमच्याकडे एक बाई अशीच होती, तिने बरोबर ओळखलं.

टक्के काढले तर ९९ किंवा १०१ येतात. चुकलं का?

नाही, टक्के गोल झाले. टक्के दाखवायला ठेवा. वाटणी मूळ आकड्यांवरूनच करा.

वजनावर वाटायचं, किमतीवर, की आणखी कशावर?

हाच खरा प्रश्न. एक गोष्ट स्वतःला विचारा: हा खर्च कशामुळे वाढतो? ज्यामुळे वाढतो, त्यावर वाटा.

गटाने खत एकत्र मागवलं. युरियाच्या ४० गोण्या, ४५ किलोच्या. डीएपीच्या २०, ५० किलोच्या. वजन १,८०० आणि १,००० किलो, एकूण २,८०० किलो. भाडं २,१०० रुपये. वजनावर वाटलं तर किलोला ७५ पैसे, युरियावर १,३५० आणि डीएपीवर ७५० रुपये. गोणीमागे युरियाला ३३.७५ आणि डीएपीला ३७.५० रुपये.

आता हेच किमतीवर वाटून बघा. युरियाची गोणी २६६.५० रुपये, डीएपीची १,३५०. माल झाला १०,६६० आणि २७,००० रुपयांचा. डीएपीच्या गोणीवर ७५ रुपयांच्या वर भाडं बसतं, युरियाच्या गोणीवर १५ रुपयेसुद्धा नाही. गाडीच्या टायरला काय माहीत कोणती गोणी महाग? म्हणून भाडं वजनावर. पण त्याच मालाचा विमा काढला असता किंवा दुकानदाराने बिलावर सरसकट सूट दिली असती, तर ती किमतीवर वाटली असती, कारण विमा आणि सूट दोन्ही किमतीवरच ठरतात. एकाच बिलात दोन खर्च दोन वेगळ्या पायांवर, म्हणजे आधारांवर, वाटले, तर त्यात काहीही वावगं नाही.

गाडीत अर्धा कापूस, अर्धं सोयाबीन असेल तर?

तिथे वजन फसवतं. कापूस फुगतो. समजा ६ क्विंटल कापसाने गाडीचा दोन-तृतीयांश हौदा भरला आणि ९ क्विंटल सोयाबीनचे कट्टे उरलेल्या जागेत बसले. भाडं २,४००. वजनावर गेलात तर कापूसवाला ९६० देईल आणि सोयाबीनवाला १,४४०. जागेवर गेलात तर कापूसवाल्याचे १,६०० आणि सोयाबीनवाल्याचे ८००. गाडी वजनाने भरली की जागेने, हे बघा. कापूस भरून वर दोरी आवळली, तेव्हा जागा संपली होती, टायर दबले नव्हते. म्हणून जागेवर.

एकाचं वावर पाच किलोमीटर आत असेल, तर तेवढ्या फेऱ्याचे वेगळे पैसे गाडीवाल्याला विचारून घ्या आणि त्याच्यावरच टाका. उरलेलं भाडं सगळ्यांत वाटा.

"गाडी तं जाऊनच रायली होती, माये दोन कट्टे टाकले तं काय झालं?"

हा प्रश्न मी मुद्दाम जसा आला तसाच लिहिला, कारण यात अर्धं खरं आहे. त्याच्या दोन कट्ट्यांमुळे भाडं एक रुपयानेही वाढलं नाही. त्या एका फेरीपुरतं बघितलं तर त्याच्यावर हमालीशिवाय काही टाकायचं कारण नाही.

पण तो दर आठवड्याला हेच म्हणतो. आणि त्याचं ऐकून दुसराही म्हणतो, "मी पण शेवटी टाकतो." सगळे जण शेवटी टाकणारे झाले तर गाडी सांगणार कोण? आमच्या गटाने ठरवलं आहे: आदल्या रात्री आठपर्यंत ज्यांनी सांगितलं ते सगळे वजनाच्या प्रमाणात. सकाळी गाडी उभी असताना कोणी माल आणला आणि जागा असली, तर त्याने निम्म्या दराने द्यायचं, आणि तेवढं बाकीच्यांच्या वाट्यातून वजा करायचं. निम्मा दर हे काही शास्त्र नाही. बैठकीत चहा संपेपर्यंत वाद झाला आणि सगळे निम्म्यावर थांबले.

ज्याने सांगितलं पण ऐनवेळी माल आणला नाही, त्याचं काय?

त्याच्या भरवशावर मोठी गाडी सांगितली असेल तर त्याने त्याचा वाटा द्यावा. घरात मयत, आजारपण, अवकाळी पाऊस, असं असेल तर सोडून द्या आणि उरलेल्यांनी वाटून घ्या. भाव पडल्यामुळे मन बदललं असेल तर सोडू नका.

सगळ्यांना सारखं वाटलं तर सोपं नाही का?

सोपं आहे, आणि काही खर्चांना तेच बरोबर आहे. गटाच्या ऑडिटची फी, बँक खात्याचे चार्जेस, पासबुक, रजिस्टर. दहा क्विंटलवाला असो की शंभरवाला, ऑडिटरला वही एकच तपासायची असते.

पण भाडं, वीज, मजुरी सारखी वाटली की लहान शेतकरी मोठ्याचा खर्च उचलतो. तो बोलत नाही. पुढच्या वर्षी फक्त येत नाही.

तीन भावांची एक विहीर, एक मोटर. वीजबिलच येत नाही, मग वाटायचं काय?

७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना लागू झाली, तेव्हापासून हा प्रश्न असाच येतो. बिल गेलं, पण मोटर जळायची थांबली नाही. रिवाइंडिंग, केबल, स्टार्टर, फुटबॉल (पाइपाच्या तळाची झडप, फूट व्हॉल्व्ह) हे खर्च मोटर किती चालली यावर वाढतात, म्हणून तासांवर वाटा. रिवाइंडिंगचे ५,४०० झाले. हंगामात पाळीप्रमाणे तिघांचे तास १२०, ९० आणि ६० झाले असतील, तर तासाला २० रुपये: २,४००, १,८०० आणि १,२००.

विहिरीतला गाळ काढणं, बांधकाम खचलं ते दुरुस्त करणं, हे तासांवर नको. मोटर बंद असली तरी विहीर तिघांचीच आहे. सातबाऱ्यावर जो हिस्सा लिहिला आहे त्यावर वाटा.

तास लिहायला मोटरघराच्या दाराला दोरीने बांधलेली एक वही पुरते. न लिहिलेले तास भांडणात नेहमी दुप्पट होतात.

दोन भावांत एक सालगडी आहे. एकाचं आठ एकर, दुसऱ्याचं चार. दोन हिस्से आणि एक हिस्सा?

पाडव्याला साल ठरतं तेव्हा असंच बोललं जातं आणि दिवाळीपर्यंत धुसफूस सुरू होते. कारण आठ एकरांत सोयाबीन आहे, चार एकरांत कपाशी. कपाशीला डवरणी, निंदण, फवारणी, खत, वेचाईवर लक्ष. सोयाबीन त्यामानाने लवकर मोकळं होतं. समजा सालाचे १,२०,००० ठरले. एकरांवर ८०,००० आणि ४०,००० होतात. दिवस लिहून ठेवले आणि वर्षात ३०० दिवसांपैकी १५६ आठ एकरवाल्या मोठ्याकडे, १४४ धाकट्याकडे निघाले, तर दिवसाला ४०० रुपयांप्रमाणे ६२,४०० आणि ५७,६००. फरक १७,६०० रुपयांचा आहे. एवढ्या पैशात भाऊबंदकी होते.

दिवसांवर वाटा. मात्र गड्याला उचल दिली असेल तर ती वेगळी लिहा. ती खर्च नाही, येणं आहे.

गटाच्या कर्जाचं व्याज कसं वाटायचं? सगळ्यांनी वेगवेगळ्या तारखांना पैसे घेतले.

रक्कम गुणिले दिवस. एकीकडे ५०,००० रुपये ९० दिवस, दुसरीकडे ३०,००० रुपये ९० दिवस, तिसरीने ४०,००० घेतले पण शेवटचे ३० दिवसच. गुणाकार: ४५ लाख, २७ लाख, १२ लाख; एकूण ८४ लाख. बँकेने तिमाहीचं व्याज २,१०० लावलं असेल तर वाटे १,१२५, ६७५ आणि ३००. नुसत्या रकमेवर वाटलं असतं तर तिसरीवर ७०० पडले असते.

कापसाची जिनिंग करून रुई आणि सरकी वेगळी विकली. कोणाची किती किंमत पडली?

वाटणीतला सगळ्यात मजेशीर प्रश्न हा, कारण इथे माणसं नाहीत, तरी वाटणी आहे. एकाच कापसातून दोन माल निघतात आणि जिनिंग होईपर्यंतचा खर्च दोघांचा एकच असतो.

१०० क्विंटल कापूस, ६,८०० ने ६,८०,००० रुपयांचा, जिनिंग २०,०००. एकूण ७,००,०००. रुई निघाली ३४ क्विंटल, सरकी ६५, एक क्विंटल घट. रुई १५० रुपये किलोने ५,१०,००० ची, सरकी ३,००० रुपये क्विंटलने १,९५,००० ची.

वजनावर वाटलं तर सरकीवर ४,५९,५९६ रुपये खर्च बसतो. म्हणजे सरकीत अडीच लाखांच्या वर तोटा आणि रुईत जवळपास तेवढाच नफा. हे वाचून एखादा म्हणेल, सरकी काढूच नका. ती न काढता रुई निघते का?

म्हणून विक्रीच्या किमतीवर वाटायचं. रुईवर ५,०६,३८३ रुपये, सरकीवर १,९३,६१७. दोन्हींत थोडाथोडा नफा, जो खरोखर झाला तेवढाच, एकूण ५,०००. आपल्याकडच्या लेखा मानकांत साठ्याच्या मूल्यांकनासाठी एएस २ आहे. एका प्रक्रियेतून दोन माल निघाले तर खर्च समजेल अशा आणि कायम ठेवता येईल अशा पायावर वाटायला ते सांगतं, आणि विक्रीमूल्य हा असा पाया असू शकतो असंही म्हणतं.

डाळ मिलमध्ये चुनी निघते, तिलाही असाच वाटा द्यायचा?

नको, एवढा मान तिला नाही. चुनी (डाळीचा बारीक चुरा) आणि टरफल हा डाळीसोबत निघणारा दुय्यम माल आहे. तो विकून जे आलं ते खर्चातून वजा करा. दहा क्विंटल तूर ७०,००० ची, मिलचा खर्च ४,०००, एकूण ७४,०००. चुनी आणि टरफल गेलं ४,४०० ला. उरले ६९,६००. डाळ निघाली ७२५ किलो, म्हणजे किलोला ९६ रुपये. चुनी वजा करायला विसरलात तर १०२ रुपये दिसतात, आणि मग बचत गटाच्या स्टॉलवर आपलीच डाळ महाग वाटते.

मिलमध्ये गावातल्यांचा माल भरडून देत असाल आणि स्वतःचाही करत असाल, तर वीज क्विंटलवर न वाटता यंत्राच्या तासांवर वाटा. तुरीला हरभऱ्यापेक्षा वेळ जास्त लागतो. महावितरणच्या बिलात स्थिर आकार वेगळा दिसतो. तो मिल बंद असली तरी येतो. तो महिन्याचा ठरलेला खर्च म्हणून धरा आणि युनिटवर लागणारे आकार तेवढे तासांवर टाका.

यंदा पीक कमी आलं, गोदाम अर्धं रिकामं. सगळं भाडं आहे त्याच मालावर टाकायचं?

टाकू नका. गोदामाचं हंगामाचं भाडं २४,००० आणि नेहमीच्या वर्षी ४०० क्विंटल माल असतो, तर क्विंटलला ६० रुपये. यंदा २५० क्विंटलच आला. मालाच्या किमतीत ६० प्रमाणे १५,०००च धरा. उरलेले ९,००० हा रिकाम्या जागेचा खर्च, तो त्या वर्षाच्या नफा-तोट्यात सरळ टाका. एएस २ ठरलेल्या उत्पादन खर्चाबाबत हेच सांगतं: नेहमीच्या क्षमतेवर वाटा. नाहीतर दुष्काळाच्या वर्षी मालाची किंमत वहीत फुगलेली दिसते आणि आपण त्या खोट्या किमतीच्या खाली विकायला तयार होत नाही.

सभासदांकडून पैसे गोळा करताना मात्र ते ९,००० कोणीतरी भरायचेच आहेत. ते सगळ्यांनी, ज्याचा माल आला नाही त्यानेही, कारण गोदाम सगळ्यांनी मिळून घेतलं होतं.

जीएसटीमध्येही प्रमाणाची वाटणी लागते का?

नोंदणी असेल तर लागते. सुटी डाळ करमुक्त आहे, २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर कर आहे. मशीन दुरुस्तीसारख्या दोन्हींच्या सामायिक खर्चावर भरलेल्या कराची पूर्ण वजावट मिळत नाही. करमुक्त विक्रीच्या प्रमाणात ती परत करावी लागते. सामायिक कर १,८०० आणि दहा लाखांच्या विक्रीत चार लाखांची सुटी डाळ, तर ७२० परत. नियम ४२ मध्ये ही रीत आहे, आणि वर्ष संपल्यावर पूर्ण वर्षाच्या उलाढालीवर पुन्हा मोजायचं असतं. इथे आपल्या मनाचा पाया चालत नाही.

वहीत कसं लिहायचं?

आधी पूर्ण रक्कम एकाच खात्यात: गाडीभाडे खाते नावे ४,५००, रोख जमा ४,५००. मग वाटणी: तिघांच्या खात्यांना नावे २,१८९, १,४६० आणि ८५१, गाडीभाडे खाते जमा ४,५००. गाडीभाडे खातं शून्यावर आलं की वाटणी पूर्ण. शून्यावर आलं नाही तर चूक तिथेच सापडते, खतावणीभर शोधावी लागत नाही.

टॅली वापरणाऱ्यांसाठी: भाड्याचं लेजर उघडताना खर्च मालावर संख्येने वाटायचा की किमतीने, हे निवडता येतं. अंदाजाने कोणतंही निवडू नका. एकदा निवडलेलं तसंच चालत राहतं.

वर्षाच्या मध्ये पाया बदलला तर?

चुकीचा होता हे सगळ्यांना पटलं असेल तर बदला, तारीख लिहा, सह्या घ्या, आणि मागचं उकरू नका. पण बिल हातात पडल्यावर ज्याचा वाटा मोठा आला त्याने "आता जागेवर वाटू" म्हटलं, तर पुढच्या फेरीपासून म्हणा. पाया भाड्याच्या आधी ठरतो.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. वर्षअखेरीचा नफाही याच प्रमाणात वाटायचा का?

नाही. खर्चाची वाटणी आणि नफ्याची वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भागभांडवलावर मर्यादित परतावा असतो. राखीव निधी बाजूला काढून उरलेल्यातून बोनस देता येतो, आणि तो सभासदाने कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात असतो, शेअरच्या नाही. म्हणून कोणी किती माल दिला याची नोंद वर्षभर नीट हवी. हा कायदा २००२ मध्ये जुन्या कंपनी कायद्यात आला, आता २०१३ च्या कायद्यात आहे.

बाजार समितीत गेल्यावर खाल्लेले तर्रीपोहे वाटणीत धरायचे का?

माल घेऊन गेलेल्या दोघांनी खाल्ले असतील आणि बैठकीत तसं ठरलं असेल तर धरा, गाडीभाड्यासोबत, वजनावर. ठरलं नसेल तर ज्याने खाल्ले त्याचे. आमच्याकडे दोन माणसांचे दोन प्लेट आणि दोन चहा एवढं ठरलं आहे. तिसरी प्लेट वहीत येत नाही.